मालवणी म्हणी व वाक्प्रचार

मालवणी म्हणी व वाक्प्रचार म्हणजे महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यात व त्याच्या लगतच्या प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या मालवणी बोलीतील रूढ लोकोक्ती आणि लक्षणेने अर्थ देणारे शब्दसमूह होत. यांतील पुष्कळ म्हणी प्रमाण मराठीतील म्हणींची बोलीरूपे आहेत, तर काहींचे शब्द व दाखले खास या किनारपट्टीचे आहेत. प्रमाण मराठी जाणणाऱ्या वाचकाला त्या ऐकताच ओळखीच्या वाटतात. तथापि बोलीतील प्रत्यय, लिंगव्यवस्था आणि काही शब्दांचे अर्थ निराळे असल्यामुळे त्यांचा चुकीचा अर्थ लावला जाण्याचा संभव असतो. म्हण कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी उच्चारावी याचेही संकेत ठरलेले आहेत. त्यामुळे मालवणी म्हणी शिकणे म्हणजे केवळ शब्दार्थ पाठ करणे नव्हे, तर बोलीचे व्याकरण आणि बोलणाऱ्यांचे परस्परांशी असलेले नाते समजून घेणे होय.

भाषिक पार्श्वभूमी

मालवणी हे नाव मालवण या बंदराच्या गावावरून पडले. मालवणसमोरील समुद्रात शिवकालीन सिंधुदुर्ग किल्ला असून त्याच्याच नावावरून सिंधुदुर्ग जिल्ह्याचे नाव ठेवण्यात आले. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, कणकवली, देवगड, वैभववाडी व दोडामार्ग हे त्याचे आठ तालुके होत. बोलीचा उच्चार गावागणिक थोडाफार बदलतो. दक्षिणेकडे गोव्याच्या सीमेजवळ तो कोकणीला अधिक जवळचा होत जातो.

या बोलीला कुडाळी असेही नाव आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कुडाळीचा विचार कोकणीच्या बोलींमध्ये केला आहे. २०११ च्या जनगणनेतही मालवणी ही मातृभाषा कोकणी या गटाखाली दाखविली आहे. दुसरीकडे सिंधुदुर्गातील शालेय शिक्षण, वृत्तपत्रे व शासकीय व्यवहार मराठीतून चालतात आणि मालवणी बोलणारे बहुसंख्य लोक आपल्या बोलीला मराठीचीच बोली मानतात. म्हणींच्या अभ्यासात या दोन्ही बाजूंचा प्रत्यय येतो : म्हणींचा आशय बहुधा मराठीशी जुळतो, तर त्यांची रूपे कोकणीशी.

व्याकरण व अर्थबोध

मालवणी म्हण नीट समजण्यासाठी पुढील विशेष लक्षात घ्यावे लागतात.

पुल्लिंगी रूपे : प्रमाण मराठीतील आकारान्त पुल्लिंगी शब्द मालवणीत ओकारान्त होतात. घोडा म्हणजे घोडो, मोठा म्हणजे मोठो. क्रियापदांनाही हाच नियम लागू असल्याने ‘गेलो’ व ‘इलो’ या रूपांचा अर्थ अनुक्रमे ‘तो गेला’ व ‘तो आला’ असा होतो. प्रमाण मराठीत ‘गेलो’ हे प्रथमपुरुषी रूप आहे; मालवणीत ‘मी गेलो’ या अर्थी ‘मी गेलंय’ असे म्हणतात. हा भेद ध्यानात न घेतल्यास म्हणीतील कर्ताच बदलतो.

नपुंसकलिंगी रूपे : प्रमाण मराठीतील ‘केले’, ‘झाले’, ‘आपले’, ‘ते’ या नपुंसकलिंगी रूपांच्या जागी मालवणीत ‘केला’, ‘झाला’, ‘आपला’, ‘ता’ अशी रूपे येतात. प्रमाण मराठीच्या कानाला ती पुल्लिंगी वाटतात.

विभक्ती : ‘ला’ या प्रत्ययाऐवजी ‘क’ लागतो. घराला म्हणजे घराक, म्हशीला म्हणजे म्हशीक. सर्वनामांची रूपे माका, तुका, तेका, आमका, तुमका अशी होतात.

शब्दार्थ : काही शब्द दिसायला सारखे, पण अर्थाने वेगळे आहेत. ‘असा’ म्हणजे ‘आहे’. ‘झील’ म्हणजे मुलगा. ‘वय’ किंवा ‘वंय’ म्हणजे कुंपण. यांशिवाय घो (नवरा), आवस (आई), बापूस (वडील), चेडू (मुलगी), खय (कुठे), थय (तिथे), गजाल (गप्पा, हकिगत) हे शब्द म्हणींत व रोजच्या बोलण्यात वारंवार येतात.

पाहुण्यांच्या स्वागतासाठी सर्वत्र लिहिले जाणारे ‘येवा, कोकण आपलाच असा’ हे वाक्य या नियमांचे सोपे उदाहरण आहे. ‘येवा’ हे ‘या’ या अर्थाचे आदरार्थी रूप होय. कोकण हा शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे ‘आपलाच’ म्हणजे ‘आपलेच’, आणि ‘असा’ म्हणजे ‘आहे’. संपूर्ण वाक्याचा अर्थ ‘या, कोकण आपलेच आहे’ असा होतो. ‘अशा प्रकारचा’ या प्रमाण मराठीतील अर्थाशी त्यातील ‘असा’चा काहीही संबंध नाही.

निवडक म्हणी

सरड्याची धाव वयपुरती : प्रमाण मराठीतील ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ या म्हणीचे हे बोलीरूप होय. प्रत्येकाच्या सामर्थ्याला मर्यादा असते, असा तिचा आशय आहे. अनभिज्ञ वाचक ‘वय’ या शब्दाचा अर्थ आयुष्याची वर्षे असा घेतो आणि म्हणीला वार्धक्याशी जोडतो. येथे वय म्हणजे परसाभोवती काठ्या व काटेरी फांद्या रोवून केलेले कुंपण. मराठी कोशांत याच अर्थाचा ‘वई’ हा शब्द आढळतो.

बारशाक गेलो नि बाराव्याक इलो : बारशाला म्हणून निघालेला मनुष्य बाराव्याला पोहोचला. जन्मानंतरच्या बाराव्या दिवसाचा नामकरणविधी आणि मृत्यूनंतरच्या बाराव्या दिवसाचा विधी या दोहोंच्या नावांत ‘बारा’ आहे. त्यावर ही म्हण बेतलेली आहे. एक संपूर्ण आयुष्य सरले तरी जो वेळेवर पोहोचत नाही, त्या दिरंगाई करणाऱ्याला ती लावतात. ‘गेलो’, ‘इलो’ ही रूपे तृतीयपुरुषी असल्याने म्हण दुसऱ्याविषयी आहे, बोलणाऱ्याने स्वतःविषयी दिलेली कबुली नव्हे.

केला तुका नि झाला माका : तुझ्यासाठी केले आणि ते मलाच झाले. दुसऱ्याचे वाईट करावयास जावे आणि ते आपल्यावरच उलटावे, अशा वेळी ती वापरतात. चार शब्दांच्या यमकामुळे ती सहज तोंडी बसते. क्रियापदे नपुंसकलिंगी असून काय केले हे म्हणीत सांगितलेले नाही. ते ऐकणाऱ्याला ठाऊक असते.

मेल्या म्हशीक पाच शेर दूध : म्हैस मेल्यावर ती पाच शेर दूध देत असे, असे सांगितले जाते. हातची वस्तू किंवा व्यक्ती गेल्यावर तिचे गुण फुगवून सांगण्याच्या मानवी स्वभावावर हा टोला आहे. प्रमाण मराठीत याच आशयाच्या म्हणीत ‘मणभर दूध’ असे म्हटले जाते. १९५६ च्या वजनमापविषयक कायद्यानंतर दशमान पद्धती आली आणि शेर हे माप व्यवहारातून गेले; म्हणीत मात्र ते टिकून आहे.

गजालीन घो खाल्लो : गप्पांनी नवरा खाल्ला. बोलण्याच्या नादात मुख्य काम विसरून मोठे नुकसान करून घेणाऱ्याला उद्देशून ही म्हण आहे. गजाल हा मालवणी जीवनातील आवडीचा विरंगुळा असल्यामुळे ही म्हण बहुधा गजालीला बसलेली माणसेच एकमेकांना ऐकवतात. ‘खाल्लो’ हे रूप ‘घो’ या पुल्लिंगी कर्माप्रमाणे झाले आहे.

तरण्याक लागली कळ नि म्हाताऱ्याक इला बळ : तरुणाने काम टाळावे आणि वृद्धाने उत्साहाने पुढे व्हावे, या विसंगतीवर ती बोट ठेवते. प्रमाण मराठीत ‘तरण्याचे कोळसे, म्हाताऱ्याला बाळसे’ ही तिच्या जवळची म्हण आहे. ‘कळ’ स्त्रीलिंगी म्हणून ‘लागली’ आणि ‘बळ’ नपुंसकलिंगी म्हणून ‘इला’, असा लिंगभेद या एका म्हणीतून शिकता येतो.

आपला ठेवचा झाकान नि दुसऱ्याचा बघूचा वाकान : स्वतःचे झाकून ठेवावे आणि दुसऱ्याचे वाकून पाहावे. स्वतःचे दोष लपवून इतरांच्या घरात डोकावणाऱ्यावर ही टीका आहे. ‘ठेवचा’, ‘बघूचा’ ही ‘ठेवायचे’, ‘बघायचे’ या अर्थाची रूपे होत.

याखेरीज ‘अंगापेक्षा बोंगो मोठो’, ‘खायन तर तुपाशी, नायतर उपाशी’, ‘देव देता नि कर्म नेता’ अशा म्हणींत प्रमाण मराठीहून फारसा फरक नाही. नवशिक्याने प्रथम अशा म्हणी घेतल्यास बोलीची रूपे लवकर आत्मसात होतात.

वाक्प्रचार

मालवणी वाक्प्रचारांचा मोठा भाग ग्रामदैवतांची उपासना, सण आणि शेजारपाजार यांतून आलेला आहे.

गाऱ्हाणा घालणे : गावातील मानकरी किंवा गुरव ग्रामदेवतेसमोर उभा राहून गावकऱ्यांच्या वतीने मोठ्याने विनवणी करतो. तिच्या प्रत्येक टप्प्यावर जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ असा प्रतिसाद देतात. लक्षणेने, वरिष्ठांपुढे अडचण मांडणे या अर्थी गाऱ्हाणा घालणे हा वाक्प्रचार रूढ आहे, तर ‘व्हय म्हाराजा’ हे शब्द थट्टेने दिलेल्या रुकारासाठी उच्चारले जातात.

कौल लावणे : एखादे काम करावे की करू नये याविषयी देवाची आज्ञा मागणे. कौल हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ वचन असा आहे. प्रमाण मराठीत तो ‘मतदारांचा कौल’ अशा प्रयोगांत निर्णय या अर्थाने येतो. सिंधुदुर्गातील देवस्थानांत कौल घेण्याची प्रथा चालू असल्याने तेथे या वाक्प्रचाराचा मूळ संदर्भ अद्याप जिवंत आहे.

गजाली मारणे : निवांत गप्पा करीत बसणे. कामचुकारपणाचा आरोप करतानाही हाच प्रयोग करतात. कौतुक की टीका, हे स्वरावरून ठरते.

धुमशान घालणे : गोंधळ माजविणे, दंगामस्ती करणे. मुलांच्या खेळापासून सभेतील वादापर्यंत कशासही तो लागू पडतो.

वशाड पडणे : वशाड म्हणजे ओसाड. ‘वशाड पडो’ या उद्गाराचा शब्दशः अर्थ ‘ओसाड होवो’ असा शापाचा आहे; मात्र रोजच्या बोलण्यात तो वैताग व्यक्त करण्यापुरता उरला आहे.

नाते, प्रसंग व सूर

मालवणी बोलण्यात रागाचे व मायेचे शब्द पुष्कळदा एकच असतात. ‘मेल्या’ हे संबोधन भांडणातही येते आणि फार दिवसांनी भेटलेल्या मित्रालाही लावले जाते. आजी नातवाला ज्या शब्दांनी दटावते, तेच शब्द परक्याने वापरले तर तो अपमान ठरतो. त्यामुळे अशा शब्दांचा अर्थ कोशातून पूर्णपणे कळत नाही. बोलणाऱ्यांचे नाते, वय आणि आवाजाचा सूर यांचाही विचार करावा लागतो.

संबोधनांचेही नियम आहेत. बरोबरीच्या पुरुषाला ‘रे’, मुलीला किंवा जवळच्या स्त्रीला ‘गो’, तर वडीलधाऱ्यांना ‘तुमी’ व ‘येवा’, ‘बसा’ अशी आदरार्थी रूपे वापरतात. उपरोधिक म्हण वडीलधाऱ्यांच्या तोंडावर म्हणणे अशिष्ट समजले जाते. ‘तरण्याक लागली कळ’ ही म्हण वृद्ध तरुणाला ऐकवू शकतो. तरुणाने वृद्धाला ऐकविणे शोभत नाही. शिकणाऱ्याने आधी म्हण ओळखावी, नंतर समवयस्कांत वापरावी आणि चढा सूर लागणारे शब्द सर्वांत शेवटी, तेही जवळिकीची खात्री झाल्यावरच उच्चारावेत.

‘आवशीचो घो’ हा उद्गार याचे ठळक उदाहरण आहे. शब्दशः त्याचा अर्थ ‘आईचा नवरा’ एवढाच होतो. प्रत्यक्षात तो आश्चर्य, चीड किंवा कौतुक यांपैकी काहीही दाखवू शकतो, आणि रोखून म्हटल्यास शिवीही होतो. महेश मांजरेकर यांच्या ‘शिक्षणाच्या आईचा घो’ (२०१०) या मराठी चित्रपटाच्या शीर्षकावर काही संघटनांनी आक्षेप घेतला होता. एका प्रदेशातील उद्गार दुसऱ्या प्रदेशात कोणत्या अर्थाने ऐकला जाईल, हे शब्दार्थावरून सांगता येत नाही, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

रंगभूमी व दूरचित्रवाणी

मालवणी म्हणी व उद्गार महाराष्ट्रभर पोहोचविण्यात गंगाराम गवाणकर लिखित ‘वस्त्रहरण’ या नाटकाचा वाटा मोठा आहे. १९८० मध्ये ते व्यावसायिक रंगभूमीवर आले. खेड्यातील हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचे नाटक बसवितात, असे त्याचे कथानक असून मच्छिंद्र कांबळी (१९४७–२००७) यांची त्यातील तात्या सरपंच ही भूमिका विशेष गाजली. कांबळी यांच्या भद्रकाली या संस्थेने पुढे ‘पांडगो इलो रे बा इलो’ यांसारखी मालवणी नाटके सादर केली. या शीर्षकातील ‘इलो’चा अर्थ ‘आला’ असा आहे, हे प्रेक्षकांना कोणी वेगळे शिकविण्याची गरज पडली नाही. प्रसंगातून तो त्यांना उमगला.

दूरचित्रवाणीवर ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) व ‘गाव गाते गजाली’ (२०१७) या मालिकांनी बोलीला नवा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. या लोकप्रियतेला दुसरी बाजूही आहे. विनोदी पात्राच्या तोंडी बोली वारंवार ऐकल्याने मालवणी म्हणजे हसविणारी किंवा शिवराळ भाषा, असा समज होऊ शकतो. वस्तुतः गाऱ्हाण्यासारखा गंभीर विधी, दुःखाच्या प्रसंगीचे सांत्वन आणि व्यवहारातील मसलत ही सर्व याच बोलीत आणि याच म्हणींच्या आधाराने चालतात.

इटालियन म्हणींशी तुलना

बोली आणि प्रमाणभाषा यांच्यातील असे नाते अन्य देशांतही दिसते. इटलीची प्रमाणभाषा टस्कनीतील, विशेषतः फ्लॉरेन्सच्या साहित्यभाषेवर उभी राहिली. व्हेनिस, नेपल्स, सिसिली आदी प्रदेशांच्या बोली व त्यांतील म्हणी मात्र स्वतंत्रपणे नांदत राहिल्या. परकीय विद्यार्थ्याला इटालियन म्हणी शिकताना येणाऱ्या अडचणी मालवणी शिकणाऱ्याच्या अडचणींसारख्याच आहेत.

‘इन बोक्का आल लूपो’ या इटालियन वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ ‘लांडग्याच्या तोंडात’ असा होतो. परंतु परीक्षेला किंवा कठीण कामाला निघालेल्या माणसाला दिलेली ती शुभेच्छा आहे. तिला रूढ उत्तर ‘क्रेपी’, म्हणजे ‘तो मरो’, असे दिले जाते. वाईट शब्दांतून चांगली भावना व्यक्त करण्याची ही रीत मालवणी माणसाला परकी वाटणार नाही. ‘की दोर्मे नोन पील्या पेशी’, म्हणजे ‘जो झोपतो त्याला मासे मिळत नाहीत’, ही म्हण तर पहाटे होड्या लोटणाऱ्या कोणत्याही किनाऱ्यावर समजेल. पाहुणा व मासा यांना तीन दिवसांनी वास येतो, या आशयाची इटालियन म्हण आणि ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही मराठी म्हण यांत दिवसांची गणतीसुद्धा जुळते. अनुभव एकच असतो. तो सांगण्यासाठी घेतलेला दाखला त्या त्या भूमीचा असतो.

संकलन

मराठी म्हणींच्या जुन्या संग्रहांत ए. मॅनवेअरिंग यांचा १८९९ मध्ये ऑक्सफर्ड येथून प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवादासह संग्रह महत्त्वाचा आहे. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी संपादिलेला ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ (दोन विभाग, १९४२ व १९४७) हा या विषयावरील प्रमुख मराठी संदर्भग्रंथ होय. याच संपादकांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त कुडाळी, राजापुरी, गोमंतकी अशा प्रादेशिक शब्दांना स्वतंत्र खुणा दिलेल्या असल्यामुळे मालवणी म्हणींतील शब्दांचा माग काढण्यास तो उपयोगी पडतो.

म्हण नोंदविताना तिचे बोलीरूप तसेच ठेवणे आवश्यक असते. ‘वयपुरती’च्या जागी ‘कुंपणापर्यंत’ असे लिहिल्यास आशय राहतो, पण शब्द हरवतो. गाव, बोलणाऱ्याचा अंदाजे वयोगट, म्हण उच्चारली गेली तो प्रसंग आणि उच्चारातील पाठभेद यांची नोंद केल्यास संग्रहाचे मोल वाढते.

सद्यःस्थिती

शाळेची भाषा प्रमाण मराठी किंवा इंग्रजी आणि पोटापाण्याचे ठिकाण मुंबई, अशी अनेक मालवणी कुटुंबांची स्थिती आहे. नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्या या लोकांना गावाकडे चाकरमानी म्हणतात. गणेशचतुर्थी व शिमगा या सणांना ते गावी परततात. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला. शहरात वाढलेल्या मुलांच्या कानांवर मालवणी प्रामुख्याने या सुट्ट्यांत आणि आजी-आजोबांच्या तोंडून पडते.

म्हणींचा वापर कमी होण्यास केवळ भाषाबदल कारणीभूत नाही. काठ्यांच्या वयीच्या जागी चिऱ्याचे गडगे व तारेची कुंपणे आली, शेराचे माप गेले, घराघरांतील म्हशी कमी झाल्या. दाखल्यातील वस्तू डोळ्यांसमोरून गेली की म्हण समजावून सांगावी लागते, आणि समजावून सांगावी लागणारी म्हण संभाषणात फार काळ टिकत नाही. याउलट ‘केला तुका नि झाला माका’सारख्या म्हणींना कोणत्याही वस्तूचा आधार लागत नसल्याने त्या शहरातही सहज वापरल्या जातात.

ज्यांना ही बोली घरातून मिळालेली नाही, त्यांच्यासाठी म्हणी हा तिच्यात शिरण्याचा सोपा मार्ग ठरतो. लहान वाक्य, यमक आणि ठरलेला शब्दक्रम यांमुळे त्या स्मरणात राहतात आणि प्रत्येक म्हणीबरोबर बोलीचा एकेक नियम पदरात पडतो. मात्र त्या नेमक्या केव्हा उच्चाराव्यात, हे पुस्तकापेक्षा खळ्यात बसून वडीलधाऱ्यांच्या गजाली ऐकतानाच अधिक चांगले कळते.